ब्रदर हुआन सांचेस कोतान : तोलेदोचा चितारी, ग्रानादाचा मठवासी

इ. स. १६०३ च्या ऑगस्ट महिन्याची १० वी तारीख होती. त्या दिवशीं, म्हणजे संत लॉरेन्स यांच्या सणास, स्पेन देशांतील तोलेदो शहरीं एका चित्रकारानें आपल्या चीजवस्तूंची यादी करविली. वय त्रेचाळीस वर्षांचें, हातांत कसब, शहरांतील थोरामोठ्यांकडून कामें मिळत असलेलीं. मनुष्य मरणाच्या वाटेस लागला म्हणजे असल्या याद्या होतात. हा चितारी मठाच्या वाटेस लागला होता. त्याचें नांव हुआन सांचेस कोतान. संत लॉरेन्स यांनीं रोमच्या अधिकाऱ्यापुढें गोरगरीब उभे करून ख्रिस्तसभेचा खजिना तो हाच असें दाखविलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांच्याच सणास कोताननें आपला खजिना मोजून हातावेगळा केला. हा केवळ योगायोग असेल. पण ध्यानांत राहण्यासारखा खास आहे.

त्या यादींत देवादिकांचीं नव्हेत, तर फळफळावळ, भाजीपाला आणि मारून आणलेले पक्षी यांचींही कांहीं चित्रें नमूद आहेत. घरच्या इतर जिनसांबरोबर तींही एका ओळींत येऊन जातात. त्या वेळच्या विद्वानांच्या दृष्टीनें असलीं चित्रें म्हणजे चित्रकलेच्या पंक्तींतील शेवटचें पान. पहिला मान संतचरित्रांचा आणि राजेरजवाड्यांच्या तसबिरींचा; कोबी आणि काकडी यांना कोण विचारतो! परंतु आज साऱ्या जगांत कोतानचें नांव आहे तें या मागें टाकलेल्या कोबी-काकडीमुळें. पुढें दोन तपांच्या आसपास मठांत राहून त्यानें देवाच्या सेवेसाठीं जीं मोठालीं चित्रें काढलीं, तीं पाहावयास जाणारे त्या मानानें थोडे. हें असें कां व्हावें, आणि मठांत शिरतांना या माणसाच्या हातून कांहीं अमोल वस्तु निसटली कीं काय, हा प्रश्न ख्रिस्ती वाचकाच्या मनास बोचल्यावांचून राहत नाहीं. या लेखाचें प्रयोजन तेवढेंच.

ओर्गास हें तोलेदोजवळचें एक गांव. तेथें १५६० सालीं कोतानचा जन्म झाला. बाप्तिस्मा त्या वर्षाच्या २५ जून रोजीं. त्या काळचा स्पेन आपणांस वाटतो तितका परका नाहीं. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांचे राजमुकुट एकाच मस्तकावर होते, आणि आपल्या वसई प्रांतावर तेव्हां पोर्तुगिजांचा अंमल होता. तेव्हां १६०३ सालीं कोताननें तोलेदोंतील आपलें काम आवरलें, त्या वेळीं जो तिसरा फेलिपे त्याचा राजा, तोच वसईच्या किल्ल्यांतही राजा म्हणून मानला जात होता. पुढें पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या मिशनांत स्पॅनिश जेझुइट फादर आले आणि फादर हेरास यांच्यासारखा इतिहाससंशोधक त्यांनीं आपणांस दिला, हें सर्वांस ठाऊक आहे.

तोलेदो हें स्पेनच्या धर्मसत्तेचें मुख्य पीठ. तेथील आर्चबिशप हे सर्व स्पेनांत अग्रमानाचे. ग्रीक चित्रकार एल ग्रेको १५७७ पासून तेथेंच राहत होता. संत तेरेजा यांनीं १५६९ सालीं तेथें आपला मठ स्थापिला होता. संत योहान क्रूसभक्त यांस त्यांच्याच संघाच्या लोकांनीं १५७७ च्या अखेरीस धरून आणून याच शहरांत नऊएक महिने एका अंधाऱ्या कोठडींत कोंडून ठेविलें होतें. तेव्हां कोतान सतरा-अठरा वर्षांचा होता. अशा या गांवीं तो चित्रकला शिकला. ब्लास दे प्रादो नांवाच्या चित्रकाराशीं त्याची मैत्री होती. त्याच्याच हाताखालीं तो तयार झाला असें मानतात. हा प्रादो राजाज्ञेनें मोरोक्कोस गेला, तेव्हां फळांचीं कांहीं चित्रें बरोबर घेऊन गेला होता. तीं आपण स्वतः पाहिलीं आणि तीं फार उत्तम होतीं, असें सेव्हिलचा चित्रकार व ग्रंथकार फ्रान्सिस्को पाचेको सांगतो. अर्थात् फळें रंगविण्याची विद्या कोतानच्या हातीं आकाशांतून पडली नाहीं, गुरुमित्राकडून आली.

वीसएक वर्षें त्यानें तोलेदोंत धंदा केला. देवळांसाठीं व घरांतील प्रार्थनेसाठीं चित्रें, माणसांच्या तसबिरी, जें काम येईल तें तो करी. पेन्यारांदा गांवची ब्रिहिदा देल रिओ नांवाची एक दाढीवाली बाई त्या काळीं स्पेनांत प्रसिद्ध होती. तिची तसबीर त्यानें १५९० सालीं काढली, ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहे. बाई नजर न चुकवितां समोर पाहते आहे. चित्रकारानें तिची थट्टा केलेली नाहीं आणि कींवही केलेली नाहीं. जें आहे तें आहे तसें पाहावें, हा त्याचा स्वभाव तेथेंच दिसून येतो.

आतां भाजीपाल्याकडे वळूं. असल्या चित्रांस स्पॅनिश भाषेंत ‘बोदेगोन’ म्हणतात. ‘बोदेगा’ म्हणजे तळघरांतील कोठार, त्यावरून हा शब्द आला. कोतानचें सर्वांत नांवाजलेलें बोदेगोन आज अमेरिकेंतील सान दिएगो शहराच्या संग्रहालयांत आहे. तें सुमारें १६०२ चें असून सव्वादोन फूट उंच व पावणेतीन फूट रुंद, म्हणजे फार मोठें नाहीं. दगडी खिडकीची एक चौकट. तिच्या मागें दाट काळोख. डाव्या बाजूस, सर्वांत वर, दोऱ्यानें टांगलेलें बिहीचें फळ. (याच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानांत बिहीदाणा म्हणून मिळतात.) त्याच्या उजवीकडे, जरा खालीं, दोऱ्यासच टांगलेला कोबीचा गड्डा. मग खिडकीच्या कट्ट्यावर कापून ठेवलेलें खरबूज, आंतील बिया दिसत आहेत. त्याच्या शेजारीं त्याचीच एक फोड. आणि अगदीं उजव्या टोंकास एक काकडी, तिचें शेंडूक कट्ट्याच्या बाहेर आलेलें, इतकें बाहेर कीं हात लांब करून उचलावीशी वाटते. बस्स. ना ताट, ना सुरी, ना मेज, ना माणूस. या पांच वस्तूंवरून नजर फिरविली तर वरून खालीं उतरत जाणारी एक वांकडी रेषा मनांत उमटते, टांगलेल्या झोळीची एक बाजू असावी तशी. चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग नुसता काळा आहे.

फळें दोऱ्यास कां टांगलीं, असा प्रश्न शहरांतील वाचकास पडेल. आपल्या वाडींतल्या माणसास पडावयाचा नाहीं. कांद्याच्या माळा आढ्याला लावणें, केळ्यांचा घड दोरानें टांगून ठेवणें, हें आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों आहों. टांगलेल्या वस्तूस चोहोंकडून वारा लागतो, ती दबत नाहीं, लवकर नासत नाहीं, उंदीर-घुशींपासून वांचते. स्पेनांतील थंड कोठारांतही तीच रीत होती. तेव्हां कोताननें कांहीं गूढ रचलें असें नाहीं; रोजच्या घरांत दिसणारी वस्तुच त्यानें घेतली. मात्र ती घेऊन तो जेथें थांबला तेथें दुसरे थांबत नाहींत. कोबीचें एकेक पान कसें उलटलें आहे, त्याच्या शिरा कोठें फुटतात, खरबुजाच्या गरावर उजेड ओला कसा दिसतो, दोऱ्याला पीळ किती आहे, हें त्यानें अशा निगुतीनें पाहिलें आहे कीं पाहतां पाहतां आपलें बोलणें थांबतें.

प्रादो संग्रहालयांतील बोदेगोनावर त्याची सही असून १६०२ हें साल आहे. हें चित्र सान दिएगोच्या चित्रापेक्षां अधिक गजबजलेलें आहे. वर लिंबें व सफरचंदें टांगलेलीं, तित्तिर टांगलेले, वेताच्या काठीस बांधलेलीं चिमणीं पांखरें, खालीं गाजरें व मुळे, आणि उजवीकडे ‘कार्दो’ नांवाच्या भाजीचा एक भला मोठा गड्डा. ही भाजी काटेरी झाडाच्या जातीची. तिचे जाड, पांढरट देठ शिजवून खातात. कोताननें तो कार्दो असा वांकवून ठेविला आहे कीं त्याच्या देठांवर उजेड एकेक पायरी चढत जातो. अमेरिकेंतच शिकागो येथें असलेल्या तिसऱ्या एका चित्रांत सान दिएगोच्या चित्रांतलेंच बिहीचें फळ, तोच कोबी, तेंच खरबूज व तीच काकडी पुन्हां आढळतात. शिवाय टांगलेल्या पक्ष्यांची भर पडली आहे. यावरून असें दिसतें कीं एकदां बारकाईनें साधलेली वस्तु तो जपून ठेवी आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणें पुन्हां बसवी. कारागिराची ही रीत आहे आणि तिच्यांत कमीपणा कांहींच नाहीं. अशीं त्याचीं बोदेगोनें आज सहासातच शिल्लक आहेत.

येथें लेखकांना एक मोह होतो. पुढें हा मनुष्य मौनव्रती मठांत गेला, हें आधींच ठाऊक असल्यामुळें त्या काळोखांत त्यांना संत योहानांची अंधारकोठडी दिसूं लागते, त्या कोबींत उपवास दिसूं लागतो, दोऱ्यास टांगलेल्या फळांत क्रूसावरचा प्रभु दिसूं लागतो. मला हा मोह जपून आवरावासा वाटतो. हीं चित्रें मठांतील कोठडींत टांगण्यासाठीं काढलेलीं नव्हतीं. रसिक व पैसेवाल्या लोकांच्या भिंतींसाठीं काढलेलीं होतीं. ग्रीक लोकांच्या प्राचीन चित्रकारांविषयीं प्लिनीनें जें लिहिलें आहे, कीं झ्यूक्सिसनें काढलेल्या द्राक्षांवर पक्षी चोंची मारूं लागले, तें त्या रसिकांना तोंडपाठ होतें, आणि आपल्या गांवच्या चिताऱ्यानेंही तोच चमत्कार करून दाखवावा असें त्यांना वाटे. कोताननें तो करून दाखविला. काळ्या पार्श्वभूमीमुळें काकडी पुढें येते, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. ही कसबाची गोष्ट झाली.

तरीही मोहांत कांहीं तथ्य नाहींच असें म्हणवत नाहीं. चारचौघांनीं क्षुद्र मानलेल्या वस्तूपुढें दिवसचे दिवस स्वस्थ बसावें, तिच्यावर आपल्या मनाचें कांहीं लादूं नये, तिला नटवूं नये, ती आहे तशी होऊं द्यावी, हें ज्याला साधलें त्याला मठांतील पहिला धडा आधींच आलेला होता. असें मला वाटतें, आणि तें माझें मत म्हणूनच वाचकांनीं घ्यावें.

तो ज्या संघांत गेला तो संघ साधा नव्हे. संत ब्रुनो हे मूळचे जर्मनींतील कोलोन शहरचे; फ्रान्सांत रैंस येथें मोठे विद्वान शिक्षक म्हणून त्यांची कीर्ति होती. ती सोडून १०८४ सालीं सहा सोबत्यांसह ते ग्रनोब्लचे बिशप संत ह्यू यांच्याकडे आले. आदल्या रात्रीं बिशपांस स्वप्नांत सात तारे दिसले होते अशी कथा आहे. बिशपांनीं त्यांना डोंगरांतील शार्त्रूज नांवाची रानटी, बर्फाळ जागा दिली, आणि त्या जागेवरून संघास कार्थुसियन हें नांव पडलें. संघांतील पुरोहित एकेकट्या लहान घरांत राहतात. घरापुढें चतकोर बाग. जेवण भिंतींतील खिडकीवाटे येतें. मध्यरात्रीं उठून सर्वांनीं देवळांत जमावयाचें आणि दीर्घ प्रार्थना गावयाची. बोलणें नाहीं म्हटलें तरी चालेल. मांस जन्मभर वर्ज्य, आजारीपणांतसुद्धां. मरणानंतर पेटी नाहीं. फळीवर ठेवून देह मातीस द्यावयाचा, आणि वर लांकडी क्रूस, त्यावर नांव नाहीं.

कोतान पुरोहित झाला नाहीं. तो ब्रदर म्हणून राहिला. कार्थुसियनांच्या मठांत ब्रदर म्हणजे हातांनीं काम करणारा व्रतस्थ: स्वयंपाक, सुतारकी, बाग, डागडुजी, जें पडेल तें. तोलेदोच्या नामांकित चिताऱ्यानें ही पायरी पत्करली. १६०४ सालीं ग्रानादाच्या मठांत त्यानें व्रतें घेतलीं, तीं सप्टेंबरच्या ८ तारखेस, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्माच्या सणास. आपल्याकडे हाच दिवस बांद्र्याच्या मोतमाउलीचा. माद्रिदच्या उत्तरेकडील डोंगरांत एल पाउलार येथें तेव्हां याच संघाचा एक मोठा मठ होता. मध्यंतरीं कांहीं काळ तो तेथेंही होता. बाकीचें आयुष्य ग्रानादांतच गेलें.

मठानें त्याच्या हातांतला कुंचला काढून घेतला नाहीं, ही गोष्ट विसरूं नये. मौनी लोकांस चित्रें नको असतील असें कोणास वाटेल. पण ग्रानादाच्या मठाच्या भिंती त्यानेंच भरून काढल्या. संत ब्रुनो व त्यांचे सोबती बिशपांपुढें आले तो प्रसंग, त्यांचें डोंगरांतील जीवन, पवित्र मरियेचीं चित्रें, प्रभूच्या दुःखसहनाचीं चित्रें. त्यांपैकीं एका प्रसंगापाशीं जरा थांबलें पाहिजे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें धर्मसभेचें प्रमुखपद आपणाकडे घेतलें, तेव्हां लंडन येथील कार्थुसियनांनीं त्यास मान्यता दिली नाहीं. मठाचे प्रायर जॉन हाउटन यांस १५३५ सालच्या मे महिन्याच्या ४ तारखेस टायबर्न येथें फांसावर चढवून, जिवंतपणींच खालीं उतरवून, देहाचे तुकडे करण्यांत आले. १५४० पर्यंत एकूण अठरा कार्थुसियन या छळास बळी पडले. कित्येकांस तुरुंगांत खांबांस जखडून उपाशी मारलें. जॉन हाउटन यांस १९७० सालीं संतपद मिळालें. कोतानच्या वेळीं ही हकीकत ऐंशी वर्षांची जुनी, म्हणजे आजोबांच्या तोंडून नातवानें ऐकावी इतकी जवळची होती. जे लोक जन्मभर तोंडांतून शब्द काढीत नाहींत, त्यांच्याकडून राजाला एक शब्द हवा होता, आणि तोच त्यांनीं दिला नाहीं. ग्रानादाच्या मौनी बंधूंच्या डोळ्यांपुढें हा इतिहास कोताननें रंगवून ठेविला.

या धार्मिक चित्रांविषयीं खरें तें सांगितलें पाहिजे. जयंतीच्या पुस्तकांत सारेंच गोड लिहावें अशी एक रूढी पडली आहे, ती येथें उपयोगाची नाहीं. कोतानच्या मठांतील चित्रांत माणसें कांहींशीं ताठर आहेत, चेहरे एकमेकांसारखे आहेत, मांडणी त्याच्या काळापेक्षां जुन्या वळणाची आहे. एल ग्रेकोची ज्वाला त्यांत नाहीं, आणि पुढें फ्रान्सिस्को दे सुरबारान यानें कार्थुसियनांचे पांढरे झगे ज्या भारदस्तपणें रंगविले तो भारदस्तपणाही नाहीं. मात्र उजेड त्याचाच आहे, शांतपणा त्याचाच आहे, आणि एखाद्या साध्या वस्तूपाशीं आला म्हणजे त्याचा हात पुन्हां पूर्वीसारखा चालतो. प्रतिभेच्या तराजूंत घातलें तर कोबीचें पारडें जड होतें. हें मान्य करण्यांत त्याच्या व्रताचा अपमान होतो असें मला वाटत नाहीं. देवाच्या नांवानें काढलेलें चित्र तेवढ्यानेंच चांगलें होत नसतें.

भोजनगृहांत त्यानें प्रभूचें शेवटलें भोजन रंगविलें आहे, आणि त्याच्या वर भिंतीवर एक क्रूस. हा क्रूस नुसता रंगाचा. पण दुरून पाहणाऱ्यास तो लांकडाचाच वाटतो, खिळे ठोकलेला, सावली पडलेला. पांखरें भुलून त्यावर बसावयास येत आणि भिंतीवर आपटत, असें त्या मठांत परंपरेनें सांगत आले. झ्यूक्सिसच्या द्राक्षांचीच ही गोष्ट. तोलेदोच्या रसिकांसाठीं केलेलें जुनें कसब येथें येऊन क्रूसाच्या कामीं लागलें. मांस न खाणाऱ्या, न बोलणाऱ्या माणसांनीं रोज त्या क्रूसाखालीं बसून जेवावें, यासाठीं त्यानें तें वापरलें. काकडीचें टोंक आणि क्रूसाचा खिळा एकाच हातानें पुढें आणले आहेत.

याच मठांतून आलेलें एक बोदेगोनही आज ग्रानादांत आहे. खिडकीची चौकट तीच, काळोख तोच. कट्ट्यावर एका बाजूस तोच वांकलेला कार्दो, आणि दुसऱ्या बाजूस थोडींशीं गाजरें. दुसरें कांहीं नाहीं. तित्तिर गेले, पांखरें गेलीं, लिंबें-सफरचंदें गेलीं. पुष्कळ जाणकारांच्या मतें हें चित्र त्यानें व्रत घेतल्यानंतर काढलें. तसें असेल तर, मांस वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरांत जें खरोखर येत असे तेवढेंच त्यांत आहे. प्रादो येथील चित्राशेजारीं हें मनानें ठेवून पाहावें. मला स्वतःला हें दुसरें अधिक आवडतें. पहिल्यांत मेजवानी आहे, दुसऱ्यांत जेवण आहे.

मठांतील त्याच्या वागणुकीविषयीं आन्तोनियो पालोमिनो या चरित्रकारानें १७२४ सालीं लिहून ठेविलें आहे. तें शंभर वर्षांनंतरचें असल्यामुळें तोलून घ्यावें. तो म्हणतो त्याप्रमाणें बंधुजनांत ब्रदर हुआनविषयीं फार प्रेम व आदर होता. त्याची एक गोष्ट अशी: राजाचा चित्रकार विसेंते कार्दूचो हा कोतानचें काम पाहावयास मुद्दाम ग्रानादास गेला. कोतान कोणता हें त्यास कोणीं दाखविलें नव्हतें. पण चित्रें पाहिल्यानंतर त्या चित्रांत जी सौम्यता होती तीच एका चेहऱ्यावर पाहून इतक्या पांढऱ्या झग्यांतून त्यानें नेमका माणूस ओळखला. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, एक चित्रकार दुसऱ्या चित्रकाराला याहून मोठी शाबासकी देऊं शकत नाहीं. हाच कार्दूचो पुढें १६२६ ते १६३२ या काळांत एल पाउलारच्या मठासाठीं कार्थुसियन संघाच्या इतिहासाचीं पन्नासाहून अधिक मोठीं चित्रें काढणार होता. तेव्हां ग्रानादांतील भिंतींकडे तो नुसत्या कौतुकानें पाहत नसावा.

१६२७ सालच्या सप्टेंबरच्या ८ तारखेस ब्रदर हुआन वारला. व्रत घेतल्यास त्या दिवशीं बरोबर तेवीस वर्षें झालीं होतीं, आणि दिवस पवित्र मरियेच्या जन्माचाच होता. वय सदुसष्ट.

त्याच्या मागें त्याची भाजी जिवंत राहिली, हें मात्र लगेच दिसून आलें. पुढच्याच वर्षीं, १६२८ सालीं, तोलेदोच्या फेलिपे रामिरेस नांवाच्या चित्रकारानें कोतानचा कार्दो जसाच्या तसा उचलून आपल्या चित्रांत ठेविला. शेजारीं द्राक्षें आणि फुलें आपल्या पदरचीं घातलीं. तेंही चित्र प्रादो संग्रहालयांत आहे. माद्रिदचा हुआन व्हान देर हामेन, आणि संत व मठवासी रंगविणारा सुरबारान, यांनीं पुढें जीं बोदेगोनें काढलीं, त्यांतही काळोखापुढें मोजक्या वस्तु शांतपणें ठेवण्याची ही रीत ओळखूं येते. पाचेकोनें आपल्या ग्रंथांत कोतानचें नांव घेतलें आहे तें फळें रंगविणारा म्हणून, आणि कार्थुसियन होण्यापूर्वींचा म्हणून. म्हणजे जगानें त्याला कशासाठीं लक्षांत ठेवावें, हें त्याच शतकांत ठरून गेलें होतें.

मग मूळ प्रश्न. मठांत न जातां कोतान तोलेदोंतच राहता, तर आणखी वीस वर्षें बोदेगोनें काढता, आणि जगाच्या संग्रहालयांत सहासातांच्या ऐवजीं कदाचित् साठ चित्रें असतीं. कलेचें नुकसान झालें असें कोणी म्हटलें तर तें नाकारणें कठीण. परंतु जो माणूस आपल्या घरांतील बोदेगोनें सामानसुमानाच्या यादींत मांडून निघून गेला, त्यानें आपल्या जवळची सर्वांत मोलाची वस्तु देवाला दिली असें म्हणतां येईल काय? त्याला स्वतःला तीं चित्रें मोलाचीं वाटत होतीं काय? त्याच्या काळाचा हिशेब पाहतां, त्यानें मोलाचें मानलें असेल तें संतांचें चित्र, आणि तें तो मठांतही काढीतच राहिला. जें त्यानें क्षुल्लक म्हणून मागें ठेविलें त्याचें मोल आपण ठरविलें, चारशें वर्षांनीं. त्याच्या अर्पणाची किंमत आपल्या लिलांवाच्या भावानें करूं नये, एवढें समजलें तरी पुरे.

पुढें १८३५ सालीं स्पेनच्या सरकारनें मठ मोडले. ग्रानादाचे कार्थुसियन बाहेर पडले. मठांतील कित्येक चित्रें सरकारजमा होऊन शहराच्या संग्रहालयांत गेलीं. एल पाउलारही तसाच ओस पडला; तेथें १९५४ पासून बेनेदिक्तीन संघाचे लोक राहूं लागले. ग्रानादाचा मठ आतां पाहण्याचें स्थळ झाला आहे. तेथील सामान-कोठडी, जिला आपण सांक्रिस्ती म्हणतों, ती अठराव्या शतकांत संगमरवर व चुनेगच्ची नक्षी यांनीं इतकी मढविली आहे कीं प्रवासी तोंड उघडें टाकून तेथेंच रेंगाळतात. तें सारें ब्रदर हुआनच्या मरणानंतर शंभर वर्षांनीं आलें. त्याला तें कितपत रुचलें असतें, कोण जाणे. त्याचें कार्दोचें चित्र आल्हांब्राच्या टेकडीवर, सम्राट पांचवा कार्लोस यानें बांधविलेल्या राजवाड्यांतील संग्रहालयांत आहे. मठाच्या भोजनगृहांत आतां कोणी जेवत नाहीं. भिंतीवरील क्रूस तेथेंच आहे, आणि अगदीं जवळ गेल्यावरच कळतें कीं तो लांकडाचा नाहीं.